माय पोच्या जेलीफिशबद्दल फिरणारा मजकूर

‘प्रदूषणामुळे हाँगकाँगमध्ये 24 डोळ्यांचा, माणसाचा जीव घेणारा नवा जेलीफिश जन्माला आला आणि शास्त्रज्ञांनी नुसती डीएनए चाचणी करून त्याला नाव दिले,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो. हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये ‘ट्रिपेडालिया मायपोएन्सिस’ ही प्रजाती जाहीर केली, हे खरे. पण बाकीचा मजकूर टिकत नाही.

हा प्राणी आता जन्माला आलेला नाही. त्याचे नमुने 2020 ते 2022 या काळातील उन्हाळ्यांत हाँगकाँगमधील माय पो अभयारण्यातील कोळंबीच्या तळ्यांतून मिळाले. भरतीचे पाणी या तळ्यांत खेळते आणि ती पर्ल नदीच्या मुखाशी जोडलेली आहेत. सरासरी दीड सेंटीमीटर लांबीचा पारदर्शक जीव आजवर नजरेतून सुटला, यात नवल काही नाही. त्याच वंशातील पहिल्या प्रजातीचे वर्णन तर 1897 मध्येच जमैकातील नमुन्यांवरून झाले होते.

चोवीस डोळे ही विकृती नसून बॉक्स जेलीफिश, म्हणजे चौकोनी घंटेसारख्या शरीराच्या जेलीफिशांच्या गटाचे, सर्वसाधारण वैशिष्ट्य आहे. चार ज्ञानेंद्रियांवर प्रत्येकी सहा डोळे असतात. त्यांतील दोनांना भिंग असते, उरलेले चार केवळ प्रकाशाची जाणीव देतात.

जीवघेणेपणाचा आरोप ऑस्ट्रेलियाच्या ‘कायरोनेक्स फ्लेकेरी’ या कितीतरी मोठ्या जेलीफिशवरून उचललेला दिसतो. त्याचा दंश खरोखरच प्राण घेऊ शकतो. मात्र मायपोएन्सिसचा निकटचा नातलग, जमैकात सापडलेला ‘ट्रिपेडालिया सिस्टोफोरा’, खारफुटीच्या मुळांशी कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव खाऊन जगतो आणि माणसाला घातक मानला जात नाही. एका बॉक्स जेलीफिशचे विष सगळ्यांच्या माथी मारणे हे बेजबाबदारपणाचे आहे, कारण अशा भीतीपोटी लोक निरुपद्रवी जीवही मारून टाकतात.

राहिला नुसत्या डीएनएचा मुद्दा, आणि इथे तर संशोधकांवर सरळ अन्याय होतो. या दोन नातलगांत घंटेसारख्या शरीराच्या चारही कोपऱ्यांना प्रत्येकी तीन वल्ह्यासारखे चपटे भाग असतात आणि प्रत्येकातून एक संस्पर्शक, म्हणजे लांब तंतू, निघतो. त्यामुळे वरवर पाहता दोघे एकच वाटतात. फरक शोधण्यासाठी घंटेच्या कडेला आत वळलेली पातळ पाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिच्यातील नलिकांना फाटे कसे फुटतात ते पाहावे लागते. ही रचना सिस्टोफोराहून वेगळी ठरली आणि जनुकीय तुलनेनेही त्याला दुजोरा दिला, तेव्हाच नवे नाव दिले गेले. शिवाय प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार अशा नावाला एक प्रारूप नमुना, म्हणजे ज्यावरून वर्णन केले तो प्राणी, जोडावाच लागतो, म्हणजे ज्याला शंका असेल त्या अभ्यासकाला तोच प्राणी पुन्हा तपासता येतो.