सर्वानुमते मंजूर

मार्चमधली गोष्ट. गोव्यातल्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं. कांद्याच्या मुळाचं टोक ठेचून त्यातलं पेशीविभाजन बघायचं, बॉटनी घेतलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा केलेला प्रयोग. बॅचमध्ये 24 मुलं, चालू अवस्थेतले सूक्ष्मदर्शक 14. एक मूल डोळा लावून बसलेलं, दुसरं शेजारी मोबाईल चाळत. एका मुलीने मला विचारलं, "मॅम, मी हिच्या स्लाइडचा फोटो काढून जर्नलमध्ये काढलं तर चालेल?" चालेल म्हटलं. काय म्हणणार?

प्रॅक्टिकल संपल्यावर तडक ऑफिसात गेले. बॅच 15 वरून 24 वर कुणी नेली, मला कागद दाखवा. हेडक्लार्क शांत माणूस. कपाटातून फाइल काढली, पान उलटलं आणि फाइल माझ्याकडे फिरवली. "मॅडम, हें तुमींच पास केलां न्हय?"

सखोल चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. मूळ वाक्य इंग्रजीत होतं, पण त्याचं मराठी हेच. मागे उपस्थितीचा कागद, त्यावर सातव्या ओळीत माझी सही. निळ्या शाईत, ठसठशीत.

आता खरं सांगते. बॅच वाढवायचा विषय आला त्या बैठकीत मी विरोध केला होता. चांगली दोन मिनिटं बोलले होते, सूक्ष्मदर्शकांचा आकडासुद्धा सांगितला होता. प्राचार्य म्हणाले, "नोट केलंय मॅडम." शेजारी बसलेली मैत्रीण मडगावची, शटल बसने जाणारी, तिने कोपराने ढोसलं, "सोड गो, शटल चुकतली." विषय क्रमांक 11 होता, पाच वाजत आले होते आणि पुढे अजून नऊ विषय होते. फाइल 80-90 पानांची, तीही टेबलावर बसल्यावर हातात पडलेली. मी सोडलं.

पुढची बैठक चार महिन्यांनी. विषय क्रमांक 1 नेहमीचाच: मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करणे. "कन्फर्म्ड?" "कन्फर्म्ड." सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. तेव्हा कटलेट आली होती आणि गरम होती.

म्हणजे माझा विरोध दुसऱ्या कुणी पुसला नाही. पुसलेल्यावर मीच शिक्कामोर्तब केलं.

गेले काही महिने आमच्या व्यवसायातल्या ग्रुपांवर एकच सूर आहे. शिक्षकांना कुणी विचारत नाही, सगळं वरून येतं. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नव्या नियमांचा मसुदा आला. त्यात उद्योग, प्रशासन अशा बाहेरच्या क्षेत्रांतल्या माणसांनाही कुलगुरूपदाची वाट मोकळी केली होती. तेव्हा तर सगळे पेटून उठले. केरळ, तामिळनाडूच्या विधानसभांनी ठराव केले. आपल्या स्टाफरूममध्येही तावातावाने चर्चा झाल्या. माझाही त्या मसुद्याला विरोधच आहे, उगाच गैरसमज नको. पण कुलगुरू कोण होणार यावर तासभर भांडणारे आपण, स्वतःच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त शेवटचं कधी वाचलं? मी वाचलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

गोव्यात 1985 च्या आधी अभ्यासक्रम मुंबईहून यायचा. 1984 च्या कायद्याने गोवा विद्यापीठ झालं आणि 1 जून 1985 ला त्याचं काम सुरू झालं. माझ्या वेळच्या ज्येष्ठ बाई सांगायच्या, तोवर इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, आपल्याला काय शिकवायचं हे बोरीबंदरपलीकडच्या टेबलावर ठरायचं. विद्यापीठ आपलं झालं त्याचा त्यांना कोण आनंद! आपल्या खारफुटीवर, आपल्या पठारांवरच्या वनस्पतींवर आपण पेपर लावू. आणि लावलेही. पुढे काही कॉलेजं स्वायत्त झाली, तेव्हा तर ते टेबल अक्षरशः आपल्या इमारतीत आलं.

स्वायत्त कॉलेजचे यूजीसीचे नियम एकदा शांतपणे वाचून बघा, वाचण्यासारखे आहेत. अभ्यास मंडळात त्या विषयाचे सगळे शिक्षक असतात. निवडलेले किंवा नेमलेले नव्हेत, सगळे. अकॅडमिक कौन्सिलवर सगळे विभागप्रमुख आणि शिवाय ज्येष्ठतेने पाळीपाळीने येणारे चार शिक्षक. इथवर उत्तम. पण जिथे पैसा आणि नेमणुका ठरतात त्या गव्हर्निंग बॉडीवर शिक्षक दोन, आणि तेही प्राचार्यांनी ज्येष्ठता बघून नेमलेले. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काय बघायचं ते आम्ही ठरवणार, सूक्ष्मदर्शक किती घ्यायचे ते दुसरे कुणी. या दोन टेबलांमधला एकच धागा म्हणजे इतिवृत्त. खालच्या मंडळाने काय म्हटलं हे वरच्यांना कळतं ते त्या कागदातून. कागदावर "सर्वानुमते" असेल तर वर बसलेल्याला 14 आणि 24 चं गणित कळणार कसं? त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे माझी संमतीच गेली होती.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला बाबा आठवले.

आम्ही फोंड्याकडचे, घराणं गावकारांचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीत पिढीजात हक्क असलेल्यांचं. बाबा कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकारांच्या संस्थेच्या, बैठकीला जायचे, रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. लहानपणी एकदोनदा मीही मागे लागून गेले होते. मोठा लाकडी बाक, भिंतीवर पाल, आणि टेबलामागे एस्क्रिव्हांव, म्हणजे लेखनिक, जाडजूड बुक घेऊन बसलेला. जुन्या काळी हेच काम गावचा कुळकर्णी करायचा. सगळं बोलून झालं की एकेकाने उठून सही करायची. बाबांची पाळी आली की ते म्हणायचे, "आदीं वाचून दाखय." एस्क्रिव्हांव वैतागायचा. बाकीचे हसायचे, याला काय इस्टेट विकायची आहे का म्हणून. बाबा वाचून घेतल्याशिवाय पेन उचलायचे नाहीत. एकदा एका शब्दावरून अर्धा तास बसून राहिले होते. कुठला शब्द ते मला आठवत नाही, भूक लागली होती एवढं आठवतं.

गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, ही आपल्याकडची फार जुनी व्यवस्था. पोर्तुगीज आले तेव्हा ती इथे होतीच. 1526 मध्ये अफोंसो मेक्सिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जो फोराल, म्हणजे सनद, काढला, त्यात त्याने नवं फारसं काही निर्माण केलं नाही, चालत आलेल्या रीतीच लिहून घेतल्या. जमीन सगळ्यांची, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, राखायची जबाबदारी सगळ्यांची, देवळाचा खर्च सगळ्यांचा, आणि उरलं ते गावकारांत जोण, म्हणजे वाटा, म्हणून वाटायचं. वांगडागणिक, म्हणजे घराण्यागणिक, आवाज असे, आणि एका वांगडाने मोडता घातला तर ठराव अडकून पडे असं सांगतात.

मग काय झालं? एका दिवसात कुणी ती मोडली नाही. प्रशासक आला, कोड आला, एकेक अधिकार सरकारी मंजुरीच्या वाटेला लागला. मुक्तीनंतर कूळ कायदा आला, शेतं कुळांकडे गेली, त्यांच्याबरोबर बांधांची जबाबदारीही. हे होणं न्यायाचंच होतं. पण गावकारांचं काय उरलं? जोण. बाबांच्या शेवटच्या काळात ती वर्षाला स्कूटरच्या पेट्रोलला पुरेल एवढी होती. तरी लोक न चुकता ती घ्यायला जायचे आणि त्या नादात बुकात सह्या करून यायचे. बैठका होत होत्या, बुक होतं, एस्क्रिव्हांव होता. वाचून दाखव म्हणणारा तेवढा राहिला नव्हता.

आमचा टीएडीए म्हणजे आमची जोण. बाहेरच्या कॉलेजच्या अभ्यास मंडळावर गेलो की बैठकीचा भत्ता मिळतो, करियर ॲडव्हान्समेंटच्या, म्हणजे बढतीच्या, फॉर्मात एक ओळ भरता येते, चहा-कटलेट होते. मी हे हिणवून म्हणत नाही, मीही त्या ओळी भरल्या आहेत.

कुणी म्हणेल, जुन्या गावकरीचे इतके गोडवे कशाला? बरोबर आहे. त्या बाकावर माझी जागा नव्हती. जोण माझ्या भावाला मिळायची, मला नाही, कारण मी मुलगी. कुळांना आवाज नव्हता, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना तर नव्हताच. आणि नेमकी हीच गोष्ट आजच्या कॉलेजातही आहे, फक्त नाव बदललंय. आपल्याकडे लेक्चर बेसिसवर आणि कॉन्ट्रॅक्टवर जी मुलं-मुली शिकवतात, ती आपल्या कॅम्पसमधली मुंडकार. आमच्या विभागात अशी चार आहेत. पहिल्या वर्षाचं निम्मं प्रॅक्टिकल तीच घेतात. त्या 24 जणांच्या बॅचसमोर उभं कोण असतं? मी नाही, ती. अभ्यास मंडळात विषयाचे "सगळे शिक्षक" असं नियम म्हणतो. आम्ही त्याचा अर्थ सोयीने "कायम शिक्षक" असा लावून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांनी नाही, सरकारने नाही. हे आमचं आम्हीच केलं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझे प्राचार्य मित्र रागावतील. शिक्षकांच्या हाती सोपवलं की सगळं आपोआप नीट होतं हे काही खरं नाही. नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडे 2023-24 पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. तेव्हा मेजर, मायनर, व्हॅल्यू ॲडेड अशी विषयांची जी वाटणी झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुलांना काय यायला हवं यावर किती चर्चा झाली? थोडी. कुणाचा वर्कलोड किती तासांनी कमी होतो यावर मात्र कॅल्क्युलेटर बाहेर आले. एका विषयाला फक्त एवढ्यासाठी क्रेडिट मिळालं की ते शिकवणाऱ्या बाईंची पोस्ट वाचावी. त्या बाई उत्तम शिकवतात, त्यांची पोस्ट वाचली याचा मला आनंदच आहे. पण अशा वेळी बाहेरून कुणी "हे का?" असं विचारणारं हवंच.

मला आवडतो तो अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, 1966 मध्ये मांडलेला मुद्दा. उच्च शिक्षण संस्थांची आणि विश्वस्त मंडळांची अशा आणखी दोन संघटनाही त्या निवेदनाच्या घडणीत होत्या. मुद्दा साधा आहे. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, संशोधन, शिक्षकांच्या नेमणुका या बाबतीत मूळ जबाबदारी शिक्षकांची. वरच्यांना ते डावलता येतं, पण क्वचित, आणि तसंच सबळ कारण असेल तर, आणि ते कारण तपशिलात सांगून. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नकार द्या, पण कारण लिहून द्या. आमच्या बॅचच्या बाबतीत संस्थेने "पैसे नाहीत, म्हणून 24" असं लिहिलं असतं, तर मी भांडले असते किंवा पटवून घेतलं असतं. "सर्वानुमते" शी कसं भांडायचं? युनेस्कोच्या 1997 च्या शिफारशी याच्याही पुढे जातात, शैक्षणिक मंडळांवर बहुमत शिक्षकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचं असावं म्हणतात. आपण तिथवर कधी पोचू ते पोचू. तोवर माझी अपेक्षा फार छोटी आहे, इतकी की मोर्चाला माणसं जमायची नाहीत. कागद बैठकीच्या आठवडाभर आधी हातात यावेत. टेबलावर आयत्या वेळी येणारा विषय, आग लागलेली नसेल तर, पुढच्या बैठकीला जावा. इतिवृत्ताचा मसुदा चार महिन्यांनी नव्हे, आठवण ताजी असताना यावा. आणि कुणी विरोध केला तर त्याचं नाव आणि कारण एका ओळीत लिहिलं जावं.

यातल्या एकाही गोष्टीला कायदा बदलावा लागत नाही. "आदीं वाचून दाखय" म्हणावं लागतं, आणि पुढची शटल पकडायची तयारी ठेवावी लागते.

मी जूनच्या बैठकीत इतिवृत्त कायम करायच्या वेळी हात वर केला. जुनं उकरून काय उपयोग, असं कुणीतरी म्हणालंच. प्राचार्यांनी मात्र, त्यांचं श्रेय त्यांना, दुरुस्ती लिहून घेतली. आता त्या फाइलमध्ये पुरवणीचं एक पान आहे, त्यावर 14 हा आकडा आहे. बॅच अजून 24 चीच आहे. आठ सूक्ष्मदर्शकांचा प्रस्ताव वर गेलाय.

विभागप्रमुख म्हणून अभ्यास मंडळाची अध्यक्ष सध्या मीच. म्हणून या वेळच्या बैठकीचं पत्र त्या चौघांनाही पाठवलं, खास निमंत्रित म्हणून. त्यातली एक मुलगी, बैठकीत बोललं तर चालेल का, असं घाबरत विचारायला आली, "मॅडम, आमी उलयल्यार चलता?" चलता म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. हेडक्लार्कच. लेक्चर बेसिसवाल्यांच्या चहा-कटलेटचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं, तसं हेडच नाही म्हणे. माझ्या नावावर टाका म्हटलं.