एकच व्हिडिओ म्हणजे समान संधी नव्हे

शिक्षकांच्या, पालकांच्या आणि आम्हा छात्राध्यापकांच्या गटांमध्ये एक पोस्ट सारखी फिरते आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. पुण्यातल्या उत्तम शिक्षकाचा व्हिडिओ पाड्यावरच्या मुलाच्या टॅबवर पोहोचला की दोघांना समान संधी मिळाली. आता घरोघरी स्मार्टफोन आहेत, म्हणजे पोहोचण्याचा प्रश्न मिटला. मुलं पडद्यावरून आपली आपण शिकतात. भाषेची अडचण एआय सोडवेल. जागतिक शिक्षक पुरस्कार मिळालेल्या डिसले गुरुजींनी हे करून दाखवलंच आहे. तेव्हा वीस पटाच्या, म्हणजे वीसच मुलं असलेल्या शाळेत दोन शिक्षकांचे पगार कशाला, तिथे टॅब द्या. आणि शेवटी एक टोला: याला विरोध करणाऱ्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षक होण्यासाठीच्या टीईटी आणि टेट या परीक्षा पार पडून नेमणूक मिळाली तर ती अशाच कमी पटाच्या शाळेत मिळण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून या पोस्टमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी घरोघरच्या स्मार्टफोनबद्दल. फोन वाढले, हे खरंच आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालांनुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो ६७.६ टक्के मुलांच्या घरी होता. पण त्याच २०२१ च्या पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि तो पोस्टमध्ये कधीच येत नाही. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. कारण फोन घराचा असला तरी दिवसभर असतो वडिलांच्या खिशात, आणि वडील असतात कामावर. संध्याकाळी तो आधी दादाच्या हातात जातो, ताईची पाळी भांडी झाल्यावर. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलंमुली मिळून ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन घरात येणं आणि शिक्षण मुलापर्यंत येणं यांत एवढं अंतर आहे. बीडच्या ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर फडावर जातात. त्यांच्यासोबत फोनही जातो, पण तिथे चार्जिंग कुठे आणि अभ्यासाला निवांत जागा कुठे? या मुलांना गावात थांबवून शाळेत टिकवायचं तर हंगामी वसतिगृहं लागतात, त्यात जेवण लागतं, रात्री सोबत थांबणारं माणूस लागतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते: तोच व्हिडिओ, म्हणून तीच संधी. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

इंटर्नशिपमध्ये मी दुसरी-तिसरीच्या एकत्र वर्गाला हातच्याची वजाबाकी घेत होते. त्याआधी मुलांनी याच घटकाचा व्हिडिओ पाहिला होता. चांगला होता, चित्रं सुरेख, आवाज स्पष्ट, मुलं रमली होती. मग ५२ वजा १७ हे उदाहरण पाटीवर सोडवायला दिलं. दोन मुलांचं उत्तर आलं ४५. उत्तर एकच, चूकही एकच वाटावी. जवळ बसून ‘कसं केलंस, सांग’ म्हटल्यावर कळलं की दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं होतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. शेजारच्या मुलीने हातचा बरोबर घेतला होता, बारातून सात गेले पाच. फक्त दशकाच्या घरातला एक दशक कमी करायला ती विसरली. पहिल्याला दशक सोडवून एकक करता येतात हेच अजून उमगलेलं नव्हतं. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक गठ्ठा सोडायला लावायचा होता. दुसरीला सगळं उमगलं होतं, तिला मांडणीची सवय हवी होती. व्हिडिओ पुन्हा लावला असता तर दोघांनी तो पुन्हा आनंदाने पाहिला असता. उत्तर तपासणाऱ्या साध्या ॲपने दोघांनाही तीच लाल फुली दिली असती.

पुण्यातल्या चांगल्या शाळेतल्या मुलाकडे हाच व्हिडिओ येतो तेव्हा त्याच्यासोबत वर्गशिक्षिका असते, शिकवणी असते, घरी वही बघणारी आई किंवा आजोबा असतात. ‘तू हे कसं केलंस?’ असं त्याला दिवसातून चारदा कुणीतरी विचारतं. पाड्यावरच्या मुलाला हे विचारणारी व्यक्ती बहुधा एकच असते, शाळेतल्या बाई किंवा गुरुजी. पोस्ट नेमकी त्याच व्यक्तीला काढून तिथे पडदा ठेवायला सांगते. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला शिक्षक आणि पडदा दोन्ही, ज्याच्याकडे काही नाही त्याला शिक्षकाऐवजी पडदा. याला समान संधी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

मुलं आपली आपण शिकतात, या दाव्यामागे दिल्लीतल्या कालकाजीचा प्रयोग असतो. १९९९ मध्ये सुगत मित्रांनी तिथे भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो कुणी न शिकवता वापरू लागली. हे घडलं, आणि मुलांच्या कुतूहलाबद्दल ते खूप काही सांगतं. पण संगणक चालवता येणं वेगळं आणि परिच्छेद वाचून समजणं, भागाकार जमणं वेगळं. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही जागतिक मोहीम निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जाहीर केली. भारतातला तिचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराटच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये झाला. सर्वांत मोठं वाटप पेरू देशात झालं, आठ लाखांहून जास्त लॅपटॉप. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मुलं संगणक सराईतपणे वापरू लागली होती, तर्काच्या चाचण्यांत थोडी पुढेही गेली होती. भाषा आणि गणितात मात्र काही फरक आढळला नाही.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती लपवून वाद घालायचा नाही. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरवर शाळेनंतरची केंद्रं चालली. त्यांच्या अभ्यासात साडेचार महिन्यांत मुलांची गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. हे सॉफ्टवेअर इयत्ता न पाहता मूल प्रत्यक्षात कुठे आहे ते शोधून तिथून प्रश्न देत होतं. पण मुलाच्या वेळेतला निम्मा भाग पडद्यासमोर जायचा आणि निम्मा लहान गटात, शिकवणाऱ्या माणसासोबत. गुजरातमधला एक अभ्यास तर या पोस्टला थेट उत्तर देतो. गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरला गेला. शाळेनंतर जादा म्हणून दिला तेव्हा मुलांना, विशेषतः मागे पडलेल्यांना, फायदा झाला. शिक्षकाच्या तासाच्या जागी दिला तेव्हा मुलं मागे गेली. यंत्र तेच, मुलंही त्याच भागातली, फरक फक्त शिक्षकाला जोड की शिक्षकाला पर्याय, एवढाच. आमच्या अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञानाचा भाग शिकवताना हे दोन अभ्यास शेजारी ठेवून शिकवले पाहिजेत, असं मला फार वाटतं.

एआय भाषेची अडचण सोडवेल, असं म्हणणाऱ्यांनी मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गाचा विचार करावा. तिथलं मूल घरून कोरकू बोलत येतं. कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. प्रमाण मराठीतला पुण्याचा व्हिडिओ त्या मुलाला गोड आवाजापलीकडे काय देणार? एआय ज्या मजकुरावर शिकतं तो मराठीतच इंग्रजीच्या मानाने थोडा आहे, मग कोरकू, माडिया, वारली या आदिवासींच्या भाषांत किती असेल? शिक्षण हक्क कायदा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ते प्रत्यक्षात येतं मुलांची बोली शिकलेल्या बाईंमुळे, किंवा गावातलीच शिकलेली एखादी ताई वर्गात मदतीला बसते तेव्हा.

डिसले गुरुजींचं उदाहरण खरं तर माझ्या बाजूचं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या क्यूआर कोडच्या, म्हणजे फोनने कोड स्कॅन करून धडा बघता-ऐकता येणाऱ्या, पुस्तकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण पुरस्कारावेळी त्यांच्या कामाची जी ओळख दिली गेली तीत हेही आहे की शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते आधी कन्नड शिकले आणि मग पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी मुलींना कळतील अशी नव्याने तयार केली. कोड आला त्याच्यानंतर. पुरस्काराचं नाव ‘शिक्षक पुरस्कार’ आहे, तो कोडला मिळालेला नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. वीस पटाला दोन शिक्षक ही चैन नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, असंच लिहिलेलं आहे. चार इयत्ता आणि एकच शिक्षक, त्यात पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणं, हे जवळून पाहिलेला माणूस दुसऱ्या शिक्षकाला जादा म्हणणार नाही. आणि टॅब एकदा घेऊन संपत नाहीत. बॅटरी जाते, काच फुटते, रिचार्ज संपतो. मी पाहिलेल्या एका शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर दिवा गेल्यापासून कपाटात आहे आणि इंटरनेटचे पैसे बाई पदरचे भरतात. २०११ मध्ये स्वस्त सरकारी टॅबलेट म्हणून गाजावाजा होऊन ‘आकाश’ आला होता. आज तो किती शाळांत चालू स्थितीत सापडेल?

उरली भीती. आमच्या तुकडीतला कुणीही फोनला घाबरत नाही, आम्ही पाठाची टाचणंसुद्धा फोनवर काढतो. मला माझ्या भावी शाळेत टॅब हवे आहेत. मी पहिलीच्या मुलांना गठ्ठे मोजायला घेऊन बसेन तेव्हा चौथीच्या मुलांना त्यांच्या पातळीचा सराव टॅबवर करता यावा, तोही रेंज नसताना चालणारा. संध्याकाळी कोण कुठे अडलं याची यादी मला मिळावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाशेजारी आधी बसायचं ते ठरवता येईल. बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवताना, याची फार मदत होईल. त्यासाठी पाच टॅब, चालू वीज आणि दुरुस्तीसाठी तालुक्याला एक माणूस एवढं पुरेल. मात्र ते टॅब दुसऱ्या शिक्षकाच्या बदल्यात मिळणार असतील तर मला ते नकोत.