फिजिओ "संपलं का" विचारणाऱ्यांनो, जरा इकडे या

"अजून चालूच आहे का गं तुझं फिजिओ? काही फरक वगैरे?" परवा एका साखरपुड्यात परत तेच, हातात आइस्क्रीमचा कप आणि तोंडावर ती कीव. डोकं सटकलंय माझं, त्यामुळे आज लिहितेच.

सेरेब्रल पाल्सीचं (सीपीचं) फिजिओ म्हणजे हात मोडल्यावरचं फिजिओ नव्हे, की प्लास्टर निघालं, महिनाभर व्यायाम केले आणि सुटलो. मेंदूला जन्माच्या आसपास जी इजा झाली ती झाली, ती वाढत नाही आणि बरीही होत नाही, पण पायाच्या स्नायूंना ती दिवसरात्र आवळून धरायला लावते त्याचं काय करायचं? माझं स्पास्टिक डायप्लेजिया आहे, दोन्ही पाय आखडलेले. पोटऱ्या आणि मांड्यांची मागची बाजू ताणायची राहिली, थंडीत तर विचारूच नका, की टाच खाली टेकायची बंद होते आणि जिन्यावर माझी वरात निघते. मी सुधारायला नाही करत हो फिजिओ, आज जेवढं चालता येतंय तेवढं पुढच्या वर्षीही यावं म्हणून करते. आता कळलं का कधी संपणार ते?

बरं करायचं म्हटलं तर करायचं कुठे? लहान होते तेव्हा सेंटरमध्ये भिंतीवर ससे-हत्ती, मोठे बॉल, वेज (उताराची जाड गादी), आरसा, सगळा थाट होता, आणि सीपी म्हणजे काय हे तिथल्या ताईंना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. अठरा झाली आणि "आम्ही मोठ्यांना घेत नाही". म्हणजे सीपीची मुलं मोठी होतच नाहीत अशी समजूत आहे का लोकांची? मग गल्लीतलं क्लिनिक. तिथे गुडघेदुखीच्या आज्ज्यांच्या रांगेत बसा, मशीनच्या चार वायरी, वर शेक, १० सिटिंगचं पॅकेज, चला पुढचा पेशंट. एकदा तिथल्या नव्या पोराने माझं पाऊल झटक्यात वर दाबलं तर पाय थडथडा उडायला लागला (क्लोनस म्हणतात त्याला, अचानक ताणलं की होतो), तर हा घाबरून मॅडमना हाक मारत सुटला. शेवटी मीच शिकवलं, बाबा रे हळू दाब आणि दाबून धर, थांबेल. शिकवणी माझी आणि फी पण मीच भरली!

पैशाचं तर बोलूच नका. साध्या मेडिक्लेमला ॲडमिट झालेला माणूस लागतो, आयुष्यभराच्या फिजिओला ठेंगा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना सीपीसाठीही आहे, १ लाखापर्यंत, थेरपीही धरलीये, पण थेरपीचा वाटा ठरलेला आणि आधी खिशातून भरा, मग बिलं जोडत बसा.

मग येतात सल्ले. "रोज चालायला जात जा, मस्त मोकळी हवा." अगं बाई कुठे चालू? स्प्लिंट (पावलाला-घोट्याला धरून ठेवणारा आधार) घालून बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो, तो पाय उचलत उचलत जायचं, फुटपाथवर निम्मे पेव्हर ब्लॉक उखडलेले, उरलेल्यावर स्कूटर लावलेल्या, आणि चढायला पायरी अशी की आधाराशिवाय मी चढूच शकत नाही. म्हणून रस्त्याच्या कडेने चालायचं तर मागून कुणीतरी कचकचून हॉर्न देतो. तुम्ही नुसते दचकता. माझं अख्खं अंग लाकडासारखं ताठ होतं, गुडघे एकमेकांवर आपटतात आणि मी तिथेच खिळते, तर तो परत हॉर्न देतो, हलत का नाही म्हणून!!

शेवटी म्हटलं जिम लावू. ऑनलाइन पैसे घेताना कुणी काही विचारलं नाही. काठी बघितल्यावर मात्र "मॅम रिस्क आहे, घरच्यांपैकी कुणाला तरी घेऊन या". पस्तिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला! मला लेग प्रेस करायचं होतं, बसून करायचं मशीन, पडायचा प्रश्नच कुठे येतो? तर ट्रेनर म्हणे वजनाने तुमचे मसल अजून टाइट होतील. हे जुनं खूळ आहे, पूर्वी डॉक्टरही असंच सांगायचे, पण ते कधीच मोडीत निघालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंग प्रौढांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं व्यायाम आणि वर किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा म्हणून सांगितलंय, हे मी त्याला मोबाइलवर काढून दाखवलं. त्याने वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "मॅम, तुम्ही योगा ट्राय केलाय का?"

रजिस्ट्रेशनचे पैसे परत मागितले. नॉन-रिफंडेबल आहेत म्हणे.