अमेरिकेचा व्हिसा काढायचाय? आधी भिशी लावा

तर मंडळी, तुम्ही इंजिनिअर आहात, आठ-दहा वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घालवलीत आणि आता तुम्हाला वाटायला लागलंय की आपल्या हुशारीवाचून अमेरिकेचं अडलंय. छान. पहिला सल्ला, ती हुशारी सांगलीतच ठेवा, भडंगाच्या डब्याशेजारी, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत ती कोणी मागत नाही.

त्यापेक्षा भिशीचा अनुभव असेल तर बघा. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या बायकांची भिशी असते ना, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि सगळ्यात लहान पोराला एक उचलायला लावायची, एच-वन-बी, म्हणजे तिकडं नोकरी करायचा व्हिसा, तेच, फक्त डबा कॉम्प्युटरमधला आणि पोहे मिळत नाहीत. वर्षाला जागा ६५ हजार, वर २० हजार तिथंच मास्टर्स केलेल्यांना. २०२३ च्या मार्चात अर्ज आले साडेसात लाखांवर, त्यातले निम्म्याहून जास्त अशा लोकांचे की ज्यांची चिठ्ठी एकाहून जास्त कंपन्यांनी टाकलेली. आमच्या भिशीत एखादीनं असं केलं असतं तर तिला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती, तिकडं मात्र नियम बदलायला २०२४ उजाडलं. मग माणूस एक, चिठ्ठी एक. आता २०२६ पासून परत नवीन, पगार सगळ्यात वरच्या लेव्हलचा असेल त्याच्या चार चिठ्ठ्या, सगळ्यात खालच्याची एक. म्हणजे पगार वाढावा म्हणून तिकडं जायचं, आणि तिकडं जायला पगार आधीच वाढलेला पाहिजे. बरोबरच आहे की.

आणि एवढं करून चिठ्ठी लागलीच आणि तुम्ही सांगलीत बसलेले असाल, तर सप्टेंबर २०२५ च्या हुकमापासून तुमच्या कंपनीनं एक लाख डॉलर मोजायचे, नव्वद लाखांच्या आसपास जातात. हे मॅनेजरला मेलवर कळवू नका, समोर बसून सांगा, चहा संपल्यावर. माझे कागद त्याच्या आधी गेले म्हणून वाचलो, तेसुद्धा तीन वर्षं मार्च महिना कोरडा गेल्यावर चौथ्या वर्षी चिठ्ठी निघाली म्हणून.

आता नावाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथं आहे. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं असतं, त्यामुळं तिकडच्या माणसानं तुम्हाला 'हॅलो पाटील' म्हटलं तर ओ द्यायची सवय ठेवा. माझ्या वडलांचं नाव पासपोर्टवर शामराव, डिग्रीवर श्यामराव, इंग्रजीत एका वायचा फरक. त्या एका वायसाठी मी कोर्टाबाहेरच्या वकिलासमोर बसून, दोन्ही श्यामरावांचा मुलगा मी एकच आहे असं अ‍ॅफिडेव्हिट केलं. वकिलानं विचारलं, "वडील हयात आहेत?" म्हटलं, हे काय बाहेर स्कूटरवर बसलेत. "दोघंबी?" म्हणाला.

व्हिसाच्या फॉर्मचं नाव डीएस-१६०. शांत डोक्यानं भरा असं सगळे सांगतात, पण वीस मिनिटं हात लावला नाही तर तो बंद पडतो, त्यामुळं शांत डोक्यानं पण पळत पळत भरा, आणि मंगळवारी तर अजिबात भरायला घेऊ नका, लाईट जाते. त्यात विचारतात की तुम्ही अमेरिकेत दहशतवादी कारवाया करायला चाललाय का. इथं 'नाही' निवडायचं असतं, ही माझ्याकडून फुकट टीप. स्फोटकांचं काही खास शिक्षण झालंय का असंही विचारतात, दिवाळीतले सुतळी बॉम्ब मोजू नका. आणखी एक प्रश्न, तुम्ही कुठल्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का. मागं आमचे आबा उभे होते, ते म्हणाले, "शहाण्णव कुळी टाक, कळू दे त्यांना बी." मी 'नाही' निवडलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागं पांढरं, चष्मा काढून. आपला स्टुडिओवाला एवढ्यावर थांबेल असं समजू नका. माझा त्यानं कॉम्प्युटरवर घेतला, गालावरचा तीळ पुसला, रंग दोन शेड उजळला आणि विचारलं, "निळा कोट चढवू का काळा?" नको म्हटल्यावर तो मनापासून दुखावला. "परदेशाला चाललाय आणि शर्टावर?"

आता सोशल मीडिया. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांनी सगळी अकाउंट पब्लिक करायची, म्हणजे तिकडं कोणीतरी साहेब बसून तुमचा विसर्जन मिरवणुकीतला डान्स आणि 'भावी नगरसेवक' वाला फ्लेक्स बारकाईनं बघणार. तपासणीला वेळ लागतो म्हणून त्याच महिन्यात कित्येकांच्या तारखा एका ईमेलनं मार्चवर किंवा त्याच्याही पुढं गेल्या. मला वाटतं फ्लेक्सवरची सगळी नावं वाचत असणार, वेळ तर लागणारच.

मुलाखतीला महालक्ष्मीनं जा, रात्री बसलं की सकाळी मुंबई. घरचे सातबारा, द्राक्षबागेचे फोटो, आजोबांचं मृत्युपत्र असं सगळं फाईलमध्ये कोंबतील. एच-वन-बीला परत येणार हे सिद्ध करायची अटच नाही, पण हे आईला सांगायला जाऊ नका, तिला वेगळंच टेन्शन येईल. काचेपलीकडच्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले, कंपनी कुठली, काम काय, पगार किती. फाईल कोणी उघडलीच नाही. मग हसून एक चिठ्ठी दिली, दोनशे एकवीस-जी. परत चिठ्ठीच. म्हणजे कायमचं नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही, केस प्रोसेसमध्ये आहे.

हा शब्द जपून ठेवा, 'प्रोसेसमध्ये'. गल्लीत कोणी विचारलं तरी हेच, मामानं विचारलं तरी हेच. आमच्या घरच्यांनी तर बायोडाटावर पण टाकलाय, 'यूएस व्हिसा प्रोसेसमध्ये'. गेल्या रविवारी मिरजेहून स्थळ आलं होतं, मुलीचे वडील चष्मा पुसत म्हणाले, "प्रोसेसमध्ये म्हणजे सध्या कुठं असता?"

म्हटलं, इथंच, विश्रामबागेत.