क्रांजीच्या भिंतीशी आपला संबंध

सध्या आमच्या आष्टी-आर्वीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. परदेशी फिरायला गेलेल्यांनी युद्धस्मारकं, कैद्यांची कबरस्तानं पाहू नयेत म्हणे. ते युद्ध गोऱ्यांचं, मेले तेही गोरे. आपले कोणी असलेच तर पोटासाठी इंग्रजांची चाकरी करणारे. शिवाय कबरी पाहणं आपल्या धर्मात बसत नाही. मी मुलाकडे सिंगापूरला गेलो असताना तिथलं क्रांजीचं, दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक दोनदा पाहून आलो, म्हणून उत्तर देतो.

'मेले तेही गोरे' हे साफ खोटं आहे. ज्यांची कबरच सापडली नाही अशा २४ हजारांवर लोकांची नावं तिथल्या भिंतींवर कोरली आहेत, आणि त्यात आपल्या सैनिकांच्या रांगाच्या रांगा आहेत. शिपाई, नाईक, हवालदार. पुष्कळांना आडनावही नाही, नुसता एक शब्द, तोही इंग्रजी अक्षरांत. मी बोट ठेवून ती नावं मोठ्याने वाचली. घरच्या उच्चारात त्यांना तिथे कोण हाक मारणार?

आता 'चाकरी'. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीला, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी आष्टीत आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. ते राज्य कसं होतं हे आम्हाला सांगायची गरज नाही. पण त्याच युद्धात कामठीला महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर ज्यांची पलटण मोडली होती, त्यांना पुन्हा भरती मिळावी म्हणून डॉ. आंबेडकर झटले होते. पोटासाठी गेला म्हणून कोणाचं मरण हलकं होत नाही. कापूस वेचायलाही माणूस पोटासाठीच जातो.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर ४० हजारांवर भारतीय युद्धकैदी जमवले गेले. कितीक आझाद हिंदमध्ये गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी जहाजांत कोंबून न्यू गिनीच्या छावण्यांत नेलं, आणि तिथे उपासमारीने, आजाराने कितीतरी मेले. आझाद हिंदच्या शहिदांसाठी नेताजींनी समुद्रकाठी स्मारकाचा पाया घातला होता. परत आलेल्या इंग्रजांनी ते स्मारक उडवून दिलं. आज तिथे १९९५ साली उभारलेली खूण आहे. क्रांजी आणि ही खूण, मी दोन्हीकडे एकाच दिवशी गेलो. एकीकडे हात जोडून दुसरीकडे पाठ फिरवणं माझ्याच्याने झालं नाही.

राहिला धर्म. क्रांजीलाच एक वेगळं दहन-स्मारक आहे. ज्यांचा दहनविधी त्यांच्या धर्माप्रमाणे झाला अशा सुमारे ८०० जणांची नावं तिथे आहेत, बहुतेक भारतीय सैन्यातली. तिथे कबर नाहीच, फक्त नाव आहे. आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान आपण सर्वपित्रीला वाढतोच ना? गावी परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "गुरुजी, मसणात कायले गेले होते?" मी सर्वपित्रीचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माह्या आज्याचा भाऊ बी गेला होता म्हणतात. आलाच नाही."

वेळ आणि पैसा वाया जातो म्हणाल, तर क्रांजीला मेट्रो जाते, स्मारक पाहायला तिकीट लागत नाही. सकाळीच जा, दुपारी पाऊस गाठतो. तिथे येणाऱ्यांसाठी वही ठेवलेली असते. मी तिच्यात मराठीत लिहिलं: ता. आष्टी, जि. वर्धा.