क्षमा आणि सक्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शरणपूर परिसरातील एका ख्रिस्ती विधवेवरील माझा लेख वाचून आपण लिहिले आहे की, तरुण मुलगा अपघातात गमावलेल्या आईने ट्रकचालकाला क्षमा केली याचे कौतुक करणे म्हणजे बायकांवरील सोसण्याच्या सक्तीला पुण्याचा मुलामा देणे होय, आणि अशा क्षमेमुळे अपराधी मोकाट सुटतो. पहिला आक्षेप गंभीर आहे. "झाले गेले विसरून जा" असे त्या माउलीला सांगण्याचा अधिकार नातेवाइकांना नाही आणि धर्मगुरूंनाही नाही.

परंतु तिच्यावरचा दबाव नेमका उलटा होता. चालक तुरुंगात असताना ती त्याच्या बायकोकडे, पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीवर, बाजरीचे पीठ आणि लेकीसाठी वह्या घेऊन जाऊ लागली, तेव्हा सख्ख्या दिराने तिच्याकडे येणे-जाणे तोडले आणि "पोराच्या जिवाची हीच का किंमत?" असे शेजारणींनी तिला तोंडावर विचारले. तरी ती जात राहिली. अपघात तिच्या डोळ्यांदेखत झाला होता. न्यायालयात तिने पाहिले ते सारे सांगितले, चालकाच्या बायकोची ओळख झाली म्हणून साक्षीत एक शब्दही सौम्य केला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची आज्ञा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अध्यायात त्याआधी, ज्याने अपराध केला त्याला तो स्पष्ट दाखवून दे, असेही सांगितले आहे. ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही, याची मला खंत वाटते.

आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसप्रवासात भोसकून हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला, समुंदर सिंहला, राखी बांधली. त्याला जन्मठेप झाली होती, आणि २००६ मध्ये तो सुटला तोवर त्याने अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या कुटुंबाने संमती दिली.

घरात मार खाणाऱ्या स्त्रीला क्षमेचा उपदेश करून परत त्याच उंबऱ्याआत पाठवले जाते, असे आपण शेवटी लिहिले आहे. तिथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. तिला आधी सुरक्षित जागा मिळावी आणि पोलिसांत तक्रार करताना सोबत कोणी असावे. क्षमा करायची की नाही, हे तिचे तिने, हवे तेव्हा ठरवावे.