‘मान राख’ म्हणजे नेमके काय राखायचे?

काही दिवसांपूर्वी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीवर घरातल्या सगळ्यांसमोर ओरडलो. तिची आजी तिला स्वतःच्या लहानपणाची काहीतरी हकिकत सांगत होती आणि ही टॅबवरची नजर न हलवता नुसते ‘हं... हं...’ करत बसली होती. ‘आजीशी असं वागतात? हेच शिकवलंय का तुला आम्ही?’ हे माझे शब्द. तिने टॅब उपडा ठेवला आणि आजीकडे तोंड करून ताठ बसली. आजीची हकिकत मात्र तिथेच तुटली. रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसण्याआधी ती हळूच म्हणाली, ‘बाबा, मी शाळेतलं सांगते तेव्हा तूपण फोनमध्ये बघत हं-हं करतोस. मग तुला कोण रागावतं?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गेली अनेक वर्षे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवतो, दहा आज्ञा त्यांच्याकडून पाठ करून घेतो आणि ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ हे वचन आले की माझा आवाज आपोआप जरा चढतो, हे मला ठाऊक आहे. (रोमन कॅथलिक आणि लूथरन परंपरेत ही चौथी आज्ञा मोजतात, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाचवी. मुलांना ही गंमत सांगितली की ती पुढचा तास त्यावरच वाद घालतात.) त्या रात्रीनंतर मात्र मी ही आज्ञा पुन्हा, या वेळी स्वतःसाठी, वाचायला घेतली.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात (20:12) ‘मान राख’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे त्याच्या मुळाशी ‘जड असणे’, ‘वजन असणे’ असा अर्थ आहे, आणि देवाच्या गौरवासाठी येणारा ‘काबोद’ हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. शाप देण्यासाठी निर्गम 21:17 मध्ये जो शब्द येतो त्याच्या मुळाशी नेमके उलटे आहे, म्हणजे ‘हलके असणे’. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपणही ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असे म्हणतो आणि ‘मला हलक्यात घेऊ नकोस’ असेही म्हणतो. आईबापांचा मान राखणे म्हणजे त्यांना आपल्या आयुष्यात वजन देणे. माझ्या मुलीने त्या दिवशी आजीला हलक्यात घेतले होते, हे खरेच. पण हलक्यात कसे घ्यायचे हे ती माझ्याकडे पाहून शिकली होती.

दुसरी गोष्ट अशी की, ही आज्ञा मुळात लहान मुलांपुरती नाही. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी ही आज्ञा ऐकायला जे लोक उभे होते त्यांतले बहुतेक स्वतःच घर चालवणारे होते आणि त्यांच्यासोबत त्यांचे थकलेले आईबाप होते. येशूने ही आज्ञा घेऊन ज्यांना धारेवर धरले तेही मोठेच होते. मार्क 7 मध्ये तो परूशी व शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना सुनावतो की, जो पैसा आईबापांच्या उपयोगी पडायचा तो तुम्ही ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून मोकळे होता आणि धर्माच्या नावाखाली देवाची आज्ञाच रद्द करता. आज आपण ही आज्ञा उचलून पोरांच्या हाती देतो आणि स्वतः त्यातून सुटतो. स्वतःच्या आईचा फोन ‘नंतर बोलू’ म्हणून तीन दिवस न उचलणारा माणूस मुलाला मान राखायला सांगतो तेव्हा मुलाला त्यातला फक्त आवाज ऐकू जातो.

आपण मुलांना आदर शिकवतो असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आज्ञापालन शिकवत असतो. या दोहोंतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. आज्ञापालन लागतेच. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल मुलांना ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ असेच सांगतो, आणि रस्त्याकडे धावणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाशी कोणी चर्चा करत बसत नाही. पण आज्ञापालन भीतीनेही करून घेता येते. ज्याच्या हातात काहीतरी आहे त्याच्यापुढे मान खाली घालायला मूल फार लवकर शिकते. मुख्याध्यापकांशी अदबीने बोलणारा आणि वर्गात तोतरे बोलणाऱ्या मुलाची नक्कल करणारा मुलगा मी माझ्या स्वतःच्या वर्गात पाहिला आहे. त्याला शिस्त नव्हती असे म्हणता येणार नाही. कोणाकडून आपल्याला काय मिळू शकते आणि कोणाकडून काहीच मिळणार नाही, याचा हिशेब मात्र त्याला पक्का येत होता.

ख्रिस्ती विश्वास या हिशेबाच्याच आड येतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे म्हटले आहे, आणि त्यात वय, पद, बुद्धी किंवा कमाई यांचा उल्लेख नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (2:17) ‘सर्वांना मान द्या’ आणि ‘राजाचा मान राखा’ ही दोन वाक्ये एकाच वचनात येतात, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. ज्या काळी रोमी सम्राटाला देव मानण्याची प्रथा होती, त्या काळी पेत्र, एक मासे धरणारा कोळी, लिहितो की सम्राटाला द्यायचा तो मान सर्वांना द्या. याकोब तर आपल्या पत्रात उदाहरणच देतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला, तर खुर्ची कोणाला देता? माझे ठाम मत असे आहे की, मुलांना आदर शिकवायची सुरुवात वडीलधाऱ्यांपासून करूच नये. ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याला उलट बोलता येत नाही, ज्याच्याकडून काही लाभ नाही, त्याच्यापासून ती करावी. प्रार्थनामंदिर झाडणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलाला माहीत आहे का, हे एकदा विचारून पाहावे. मी माझ्या वर्गात विचारले होते. पाळकांचे नाव सर्वांना येत होते, झाडणाऱ्यांचे फक्त दोघांना.

या विषयावर मला सर्वांत जास्त बोलणारा उतारा म्हणजे एली याजकाची कथा, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास मंदिरात सेवा करत, पण लोकांनी आणलेल्या अर्पणातले मांस देवाचा भाग अर्पण होण्याआधीच दांडगाईने काढून घेत. एली म्हातारा झाला होता. त्याने त्यांना बोलून पाहिले, पण आवरले नाही. मग देवाचा माणूस येऊन त्याला विचारतो, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान का राखतोस? इथे पुन्हा तोच ‘वजन’ शब्द आहे. पुढच्याच वाक्यात देव म्हणतो की, जे मला वजन देतात त्यांना मी वजन देईन आणि जे मला तुच्छ लेखतात ते हलके ठरतील. म्हणजे मुलांना डोक्यावर बसवणे हाही मानाचाच घोटाळा आहे, वजन चुकीच्या पारड्यात टाकण्याचा. कथेचा शेवट तर अंगावर येतो. 98 वर्षांचा एली युद्धातली बातमी ऐकून आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण, पवित्र शास्त्र सांगते, तो ‘जड’ होता. त्याच दिवशी जन्मलेल्या त्याच्या नातवाचे नाव ठेवले जाते ईखाबोद, ज्यात तोच ‘काबोद’ आहे. गौरव गेले. लिहिणाऱ्याने एकाच धातूने एका घराण्याचा सारा ऱ्हास विणला आहे.

पण याच एलीच्या घरी दुसरे एक मूल वाढत होते, आणि म्हणून मला एलीला नुसते दोषी ठरवता येत नाही. लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा धावत त्याच्याकडे येतो. झोपमोड झालेला म्हातारा त्याच्यावर खेकसत नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात येते की या पोराला परमेश्वर हाक मारत आहे, आणि तो त्याला काय बोलायचे ते शिकवतो: ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ सकाळी तो शमुवेलाला म्हणतो, देवाने जे सांगितले ते माझ्यापासून लपवू नकोस. आणि त्या मुलाला आपल्या गुरूला त्याच्याच घराण्याच्या नाशाची बातमी सांगावी लागते. शमुवेल भितो, पण सर्व सांगतो. एली ते ऐकून घेतो. संपूर्ण शास्त्रात मोठ्याने लहानाला दिलेल्या मानाचे याहून चांगले चित्र मला सापडलेले नाही. मुलाने मोठ्याला सत्य सांगणे आणि मोठ्याने ते खाली बसून ऐकणे, हे दोन्ही आदरातच मोडते. आपल्या घरांत मुलाने आपली चूक दाखवली की आपण ‘उलट उत्तर देतोस?’ म्हणून दार लावून घेतो.

पौलाचे वाक्य आपण अर्धेच वाचतो, तेही यामुळेच. ज्या रोमी जगात घरातल्या कर्त्या पुरुषाला मुलांवर जवळजवळ अमर्याद हक्क होता, त्या जगात तो मुलांना आज्ञा सांगून थांबत नाही, तर लगेच बापांकडे वळतो: ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.’ कलस्सैकरांस लिहिताना तो कारणही देतो की, नाहीतर मुले खिन्न होतील. ‘चिरडीस आणणे’ हा आपल्या भाषांतरकारांनी काय नेमका शब्द योजला आहे! चारचौघांत लाज काढणे, तुलना करणे, केलेल्या चुकीची आठवण आठवडाभर काढत राहणे, वचन देऊन विसरणे, हे सगळे त्यात येते. छडीबद्दलचे नीतिसूत्र (13:24) अनेक जण माझ्यापुढे ठेवतात. स्तोत्र 23 मध्ये जी मेंढपाळाची काठी धीर देते तिच्यासाठी हिब्रूत तोच शब्द आहे, एवढेच मी त्यांना सांगतो. ज्या काठीने मेंढराला धीर यावा, तिचे नाव घेऊन मुलाच्या अंगावर वळ उठवणे मला पटत नाही. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना माझे हे मत मान्य नाही, याची मला जाणीव आहे.

एका गोष्टीबाबत मात्र मतभेदाला जागा ठेवू नये असे मला वाटते. मोठ्यांचा मान राखायचा म्हणून मूल जर नकोशा स्पर्शाविषयी किंवा मारहाणीविषयी गप्प राहत असेल, तर आपण त्याला आदर शिकवलेला नाही, त्याला उघड्यावर सोडले आहे. पौलाचे शब्द ‘प्रभूमध्ये’ आज्ञेत राहा असे आहेत, आणि मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितले होते. नातेवाईक असो, शिक्षक असो की मंडळीतला कोणी प्रतिष्ठित, त्याला ‘नाही’ म्हणणे आणि घरी येऊन सांगणे हे पाप नव्हे, हे मुलांना संडेस्कूलमध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’. माझी मुलगी मला ‘तू’ म्हणते म्हणून आमच्या नात्यातले काही जण नाराज आहेत. मी त्यांना विचारतो की, प्रभूची प्रार्थना तुम्ही कशी म्हणता? ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ ज्याला सर्वांत जास्त मान द्यायचा त्यालाच आपण मराठीत ‘तू’ म्हणतो. सर्वनामात मान असता तर प्रार्थना अशी झाली नसती. अर्थात, अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणायला मी तिला शिकवले आहे, आणि वयाने किंवा कामाने कोणी ‘लहान’ असला म्हणून त्याला ‘अरे-तुरे’ करायचे नाही हे अधिक आग्रहाने शिकवले आहे.

उपासनेहून घरी परतताना आपण काय बोलतो, हेही जाता जाता लिहून ठेवतो. प्रवचन कसे लांबले, अमुक बाई काय गायल्या, तमुकांनी दान किती टाकले. मागे बसलेली मुले ऐकत असतात. ज्या जिभेने आपण देवाचा धन्यवाद करतो तिनेच त्याच्या प्रतिरूपाची माणसे हलकी करतो, असे याकोबाने लिहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा अशीच कुटुंबे असावीत.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, तेव्हा घाबरून अर्धमेली झालेली मरिया त्याला पहिल्यांदा प्रश्न विचारते: बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? ती त्याचे उत्तर ऐकून घेते. ते तिला कळत नाही, तरी मनात ठेवते. आणि देवाचा पुत्र त्यांच्याबरोबर नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. मी त्या दिवशी प्रश्न विचारला नव्हता. म्हणजे वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते, पण उत्तर मला नको होते.

त्या रात्री प्रार्थनेआधी मात्र मी मुलीची माफी मागितली, दोन गोष्टींसाठी: सर्वांसमोर ओरडलो म्हणून, आणि तिचे न ऐकता हं-हं केले म्हणून. तिचे आजीशी वागणे चुकलेच होते, हेही सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की आजीला सॉरी ती एकटी जाऊन म्हणेल, मी बरोबर यायचे नाही. पंधरा मिनिटे झाली तरी ती परत येईना म्हणून मी दाराशी गेलो. आतून आजीचा आवाज येत होता, ती तुटलेली हकिकत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि मध्येच मुलीने विचारले, ‘मग तू काय केलंस?’